क्लचपर्यंत पाय

कळसच्या म्हाळसा खारतोडेला कुणी उंची विचारली तर ती सांगते, "पुरेशी हाय." आता पुरेशी म्हणजे किती, ते ज्यानं त्यानं बघून ठरवावं. लग्नात अंतरपाटाच्या वर तिचं डोकंसुद्धा येत नव्हतं, म्हणून मामानं तिच्या पायाखालच्या पाटावर आणखी एक पाट ठेवला. पलीकडं नवरा कुंडलिक, विजेच्या खांबाएवढा. भटजी मंगलाष्टकं म्हणायचे विसरून दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले, असं अजून गावात सांगतात. त्यात मीठमसाला किती आणि खरं किती, देव जाणे. पण तेव्हापासून पाट हा म्हाळसाचा जन्माचा सोबती झाला, हे मात्र सोळा आणे खरं.

सासरी आली तर स्वयंपाकघरातला ओटा सासूच्या मापाचा. सासू दगडाबाई, ती पण उंचनिंच बाई. म्हाळसानं ओट्यापुढं पाट टाकला आणि त्यावर उभी राहून वीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या. फडताळ उंच, वाळवणाची दोरी उंच, पाण्याच्या टाकीची तोटी उंच. घरातली एक वस्तू तिच्या मापाची नव्हती आणि तिनं एकदाही कुणाला म्हटलं नाही की, दोरी जरा खाली बांधा. आपण जागेच्या मापाचं व्हायचं, जागेनं आपल्या मापाचं होऊ नये. सासरी नांदायला आलेल्या पोरीला हे कुणी शिकवत नाही, तिला ते येतच असतं.

फक्त एक जागा तिची स्वतःची होती. पिकअपची डावीकडची सीट.

खारतोड्यांची ढोबळी मिरची. तोडा सुरू झाला की पहाटे क्रेट भरायचे, कुंडलिकनं गाडी काढायची, म्हाळसानं शेजारी बसायचं आणि कळसहून लासुर्णे, लासुर्ण्याहून बारामतीचा बाजार गाठायचा. कुंडलिक गाडी चालवायला वाघ आणि भाव करायला शेळी. दलालानं डोळे वटारले की हा मान डोलवून मोकळा. म्हणून बाजारात उतरली की पुढं म्हाळसा. पाल्यासारखी हिरवीगार मिरची हातात धरून ती बोलायला लागली की भले भले गप व्हायचे. गाडी घ्यायच्या आधी व्यापारी बांधावर यायचा, माल लाथेनं ढोसून बघायचा आणि जाताना पाणी मागायचा ते पण ऐटीत. ते दिवस म्हाळसा विसरली नव्हती. गाडी होती म्हणून ती बाजारात होती. बाजारात होती म्हणून तिला 'म्हाळसाबाई, या' म्हणणारी माणसं होती.

आणि मागच्या उन्हाळ्यात कुंडलिकचा उजवा डोळा गेला. दुखलं नाही, खुपलं नाही, एका सकाळी पडदा ओढल्यासारखा अंधार झाला. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "गेलेलं परत येणार नाही. दुसरा डोळा चांगला आहे, त्याला जपा. आणि गाडी सोडा." कुंडलिक घरी आला तो गप झाला. ओरडला नाही, रडला नाही. रोज संध्याकाळी पिकअप मात्र धुवायचा. न चालवलेली गाडी, तिच्यावर धूळ ती किती असणार, तरी चाकं, काचा, आरसे, सगळं लखलखीत करायचा आणि मग आपल्या जागेवर दार उघडं टाकून थोडा वेळ बसायचा. स्टेअरिंगला हात लावायचा नाही. नुसता बसायचा.

लासुर्ण्याचा विजयसिंह हे सगळं हेरून होता. त्याचा वाहतुकीचा धंदा, दारात चार-पाच गाड्या, अंगानं दणकट आणि पोट त्याच्याआधी दारातून आत येणारं. माणूस वाईट नव्हता, पण कुणाच्या घरात काय निकामी झालंय याचा वास त्याला बरोबर यायचा. येऊन बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "कुंडलिकराव, गाडी उभी ठेवली की सडती. दिवाळी झाली की मी इकत घिऊन जातो." कुंडलिकनं मान डोलवली. दलालापुढं डोलवायचा तशीच.

त्या दिवशी जेवताना म्हाळसा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "गाडी मी चालवली तर?"

कुंडलिक हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, पण म्हाळसाला ते काही गोड लागलं नाही. कोपऱ्यात बसलेली दगडाबाई म्हणाली, "हिचं डोस्कं तरी काचंतनं दिसंल का? लोक म्हंतील, बिगर ड्रायव्हरची गाडी आली."

"दिसंल न्हाय तर न्हाय," म्हाळसा म्हणाली. "मला रस्ता दिसला म्हंजी झालं."

कुंडलिकनं तिच्याकडं एका डोळ्यानं नीट बघितलं. ही चेष्टा करत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. मग तोही हट्टाला पेटला. "ठीक हाय. दिवाळीच्या आत लायसन काढ. पर परीक्षा आपल्या गाडीवर द्यायची. ड्रायव्हिंग शाळंच्या डबड्यावर पास झालीस तर मी धरणार न्हाय. त्या डबड्यात काय ढोबळी भरायची हाय? आपल्या गाडीवर पास झालीस तर गाडी दारात ऱ्हाईल. न्हाय तर विजयसिंहला शब्द दिलाय, तो मोडायचा न्हाय."

"न्हाय मोडायचा," म्हाळसा म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

लर्निंग लायसन निघालं. बारामतीत एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथला शिकवणारा गोकुळ सर. तरणाताठा पोरगा, शांत, दिवसभर लोकांनी गिअर खरडलेले ऐकून ऐकून त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारची साधूसारखी कळा आली होती. पहिल्या दिवशी म्हाळसा गाडीत बसली तर तिच्या आधी शिकून गेलेला एक आडवातिडवा गडी. सीट पार मागं. म्हाळसा सीटच्या कडेवर टेकली, एस्टीत तिसरी सवारी टेकते तशी, आणि डाव्या पायाचा अंगठा ताणून क्लचला लावला. नुसता अंगठा. गाडी एमआयडीसीच्या रस्त्याला लागली तेव्हा कारखान्यांची पाळी सुटायची वेळ. समोरून मोटारसायकलींचा लोंढा. म्हाळसाचा अंगठा क्लचवरून सटकला, गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा उडी. मागून भोंगे सुरू झाले.

गोकुळनं शांतपणे गाडी कडेला घ्यायला लावली. "काकी, सीट पुढं का घेतली नाही?"

"पुढं?" म्हाळसा म्हणाली. "त्या भाऊंची बसायची जागा लावून ठिवलेली हाय. मी कशी हलवू? ते उद्या येतील तवा?"

गोकुळनं तिच्याकडं बघितलं. तिला वाटलं आता हसणार. तो हसला नाही. "काकी, सीट कुणाची नसते. जो चालवतो त्याची असते. सीटखाली दांडी आहे बघा, ती वर उचला आणि सरका पुढं."

म्हाळसानं हात खाली घातला. दांडी लागली. उचलली, आणि काय सांगावं, सगळी बैठक तिला घेऊन सरसर पुढं आली. ओटा पुढं आला नाही, दोरी खाली आली नाही, तोटी खाली आली नाही, जन्मात एक वस्तू तिच्याकडं चालत आली नव्हती. ही आली. म्हाळसाचा ऊर भरून आला. मिरचीला चांगला भाव मिळाल्यावर पण तिला असं कधी झालं नव्हतं.

मग गोकुळनं तिला बसायला शिकवलं. चालवायला नंतर, आधी बसायला. पाठ पार मागं टेकायची. क्लच तळाला गेला तरी गुडघा जरा वाकलेला राहिला पाहिजे. टाच जमिनीवर, पाऊल पेडलवर. रस्ता स्टेअरिंगच्या वरून दिसायला पाहिजे, मधनं नाही. "काकी, गाडीला टेकून बसा, गाडीला लटकू नका," असं तो रोज म्हणायचा. जाडजूड सपाता घालून ती यायची, त्या त्यानं सोडायला लावल्या. म्हाळसानं पातळ तळाचे कापडी बूट घेतले, साडीवर घातले, आणि एस्टी स्टँडवर लोक बघायला लागले तर खुशाल बघू दिलं.

पंधरवड्यात ती शाळेची गाडी अशी चालवायला लागली की गोकुळ शेजारी बसून डुलक्या काढायचा. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा कुंडलिक म्हणाला, "डबडं कुणीबी चालवतंय."

आता आपल्या गाडीची पाळी. उसाचं एक रान नुकतंच मोकळं झालं होतं, तिथं सराव करायचा ठरलं. म्हाळसा पिकअपमध्ये चढली, सवयीनं खाली हात घातला, दांडी उचलली. सीट हलली नाही. पुन्हा उचलली, पाय रोवून ओढली. तसूभर हलेना. कुंडलिकनं गाडी घेतली त्या दिवशी सीट आपल्या लांब पायांना लावली होती आणि त्यानंतर ती कधी कुणी हलवली नव्हती. माती, पाला, पाऊसपाणी, सगळं त्या रुळांत जाऊन दगड झालं होतं.

"जाम हाय ती," कुंडलिक बाहेरून म्हणाला. घाईनं म्हणाला.

म्हाळसानं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. जाम असेलही, पण जाम असलेली गोष्ट सोडवायचा याला भारी नाद. ट्रॅक्टरचा बोल्ट असो, मोटारीचा पंखा असो, गावभरची गंजलेली कुलपं याच्याकडं यायची. हा सीटला मात्र हात लावत नव्हता. ती सीट पुढं सरकली की त्याला तिथं बसता येणार नव्हतं. रोज संध्याकाळी दार उघडं टाकून तो जिथं बसायचा, तेवढीच एक जागा त्याच्या हाती राहिली होती. तिनं दांडी सोडून दिली. सीट कुणाची नसते, हे गोकुळ सरांनी सांगितलं होतं खरं, पण गोकुळ सरांचं लग्न कुठं झालं होतं?

मग तिनं तेच केलं जे आयुष्यभर केलं होतं. जागेला हात न लावता स्वतःला जागेत बसवायला निघाली. आधी पाठीमागं दोन उश्या घातल्या. त्या अशा मऊ की क्लच दाबला की क्लच खाली जायच्या ऐवजी म्हाळसाच मागं जायची. तीन उश्या केल्या. तरी तेच. बरं, पाय कसाबसा पोचला तर समोरचं दिसेना, स्टेअरिंगच्या आतून चाळणीतनं बघितल्यासारखा रस्ता. आणि मग म्हाळसाला तो विचार सुचला, जो तिच्याशिवाय जगात कुणाला सुचला नसता. तिनं घरातून पाट आणला.

व्हय, पाट. ओट्यापुढचा, वर्षानुवर्षं पाय घासून गुळगुळीत झालेला. सीटवर ठेवला, वर गोधडी टाकली आणि ऐसपैस बसली. आता समोरचं सगळं दिसायला लागलं. रान, बांध, बांधावर उभा राहिलेला कुंडलिक, त्याच्या शेजारी काठी टेकून आलेली दगडाबाई, आणि नेमका त्याच दिवशी गाडी बघायला आलेला विजयसिंह. म्हाळसानं पहिला गिअर टाकला. गाडी निघाली. छान निघाली. रानाच्या टोकापर्यंत गेली, वळली, दगडाबाईनं कौतुकानं विजयसिंहकडं बघितलं पण. पुढं कडब्याची गंज आली तशी म्हाळसानं ब्रेक दाबला.

ब्रेक लागला गाडीला, पाटाला नाही लागला. पाट गोधडीसकट पुढं निघाला, आणि पाटाबरोबर म्हाळसा. ती गेली स्टेअरिंगखाली. दोन्ही पाय सुटले, गाडीनं एक हिसका दिला आणि तोंड कडब्यात खुपसून बंद पडली. बाहेरून बघणाऱ्यांना गाडीत कुणीच दिसेना.

"बिगर ड्रायव्हरची," दगडाबाई पुटपुटली.

म्हाळसा दार उघडून उतरली. लागलं काही नव्हतं. केसांत कडबा आणि हातात पाट. विजयसिंह पोट धरून हसत होता, आणि ते पोट धरायला त्याला दोन्ही हात लागत होते. "वहिनी," तो म्हणाला, "ह्या गाडीला तुमचं माप न्हाय. उगं कशाला जिवाला त्रास? कुंडलिकराव, दिवाळीची कशाला वाट बघायची?"

कुंडलिकनं गाडीला काही लागलंय का ते बघितलं आणि म्हणाला, "झालं तेवढं बास, म्हाळसा. व्हायचं न्हाय हे."

विजयसिंह गेल्यावर ती घरी आली. पाट ओट्यापुढं ठेवला. त्यावर उभी राहून कालवण फोडणीला टाकलं. आणि फोडणी तडतडत असताना तिला एकाएकी असा संताप आला की तिनं गॅस बंद केला. संताप विजयसिंहचा नाही. तो हसला, हसण्यासारखंच होतं. संताप त्या पाटाचा आला. इतकी वर्षं आपण यावर चढतोय आणि एकदा कुणाला म्हटलं नाही की, मला पोचत न्हाय. हातातला झारा तसाच घेऊन ती अंगणात आली. कुंडलिक गाडीत बसला होता, आपल्या जागेवर, दार उघडं टाकून.

"उतरा," म्हाळसा म्हणाली.

"काय?"

"उतरा खाली. सीट पुढं घ्यायची हाय."

"जाम हाय म्हटलं ना."

"जाम हाय त्ये मला कळलंय. तुमाला बी कळलंय." झारा हातात होता म्हणून असेल, तिचा आवाज चढला. "तुमची जागा घ्यायची हौस न्हाय मला. तुमचा डोळा गेला तवापासनं एक दिस सुखाचा घास गेला न्हाय माझ्या पोटात. पर तुमच्या मापावर बसून माझा पाय पोचत न्हाय, तर मी काय करू? पाय वाढवू? ही सीट अशीच ऱ्हायली तर गाडी जाणार. विजयसिंह पयल्याच दिवशी दांडी हाणून सीट मागं घेणार, त्याच्या पोटाला लागती म्हणून. ते चालंल तुमाला? त्यानं हलवलेली चालंल आन् मी हलवलेली न्हाय?"

कुंडलिकनं दाराची कड धरली.

ओसरीवरून दगडाबाईनं तोंड घातलं. म्हातारीला दोघांच्या मध्ये बोलायची खोड होतीच, पण त्या दिवशी देवानंच वदवलं. "कुंडलिका, तुझा बा गेला तवा त्याच्या वहाणा तुला दिल्या. आठवतंय? तुझ्या पायाला लहान पडल्या. मग काय, देवाऱ्यात ठिवल्यास का पूजायला? चांभाराकडनं सोडवून, पट्टं वाढवून घातल्यास. चार वर्सं घातल्यास. बा काय वर बसून रुसला का? आन् सून म्हंती सीट पुढं घ्या, तर तुझ्या जिवावर आलंय."

मग कुंडलिक सावकाश उतरला आणि गोठ्याकडं गेला. म्हाळसाला वाटलं, रुसला. तिनं पदर खोचला, सीटखाली वाकली आणि रुळातली माती झाऱ्याच्या दांड्यानं कोरायला लागली. तेवढ्यात मागून आवाज आला, "झारा मोडशील. सर."

कुंडलिक डिझेलचा डबा, चिंधी, पाना आणि हातोडी घेऊन उभा होता. "आधी डिझेल सोडायचं. भिजू द्यायचं. मग हाणायचं," तो म्हणाला. "नुसतं हाणून कायबी सुटत न्हाय."

दोघं गाडीच्या दोन्ही दारांतून आत वाकून भिडले. तो सांगायचा, ती कोरायची. ती सांगायची, तो ठोकायचा. रुळातून माती निघाली, वाळलेला पाला निघाला, मिरचीच्या बिया निघाल्या. आणि एका कोपऱ्यातून निघाली चुन्याची डबी. पितळेची, कुंडलिकची. ती हरवली तेव्हा त्यानं म्हाळसावर आळ घेतला होता की तंबाखू सुटावी म्हणून तूच उकिरड्यावर टाकलीस, आणि आठ दिवस तिच्याशी धड बोलला नव्हता. म्हाळसानं डबी बोटांत धरून त्याच्या चांगल्या डोळ्यापुढं नाचवली.

"बघा. कुणी टाकली?"

कुंडलिकनं डबी घेतली, पुसली, आणि हसायला लागला. या वेळचं हसणं म्हाळसाला गोड लागलं. हसता हसता त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, आणि त्यानं ते पुसलं नाही. "हाण आता," तो म्हणाला. म्हाळसानं दांडी उचलून धरली, त्यानं मागून खांदा लावला, आणि सीट आधी किंचाळली, मग कुरकुरली, मग एकदम सुटून म्हाळसाच्या अंगावर आली.

उरला उंचीचा प्रश्न. तो दगडाबाईनं सोडवला. उशी खचते, पाट घसरतो, मग काय खचत नाही आणि घसरत नाही? म्हातारीनं आपल्या नवऱ्याचं जुनं घोंगडं काढलं. मेंढीच्या लोकरीचं, खरखरीत, अंगाला टोचणारं. त्याच्या घट्ट घड्या घातल्या, मागं जाड, पुढं पातळ, वर जुन्या लुगड्याचं कापड, आणि चारी कोपऱ्यांना बंद शिवले, अंगड्याला असतात तसे. सीटला मागून बंद आवळले. म्हाळसा त्यावर बसली. पाठ टेकली. क्लच दाबला तर तळाला गेला आणि गुडघा जरा वाकलेलाच राहिला. समोर बघितलं तर स्टेअरिंगच्या वरून सगळा रस्ता दिसत होता. ओढ नाही, ताण नाही, कडेवर टेकणं नाही. कुंडलिकनं बाहेरून दोन्ही बाजूंचे आरसे तिच्या नजरेला लावून दिले. "दिसतंय?" तो विचारायचा. "जरा खाली," ती सांगायची, आणि तो जरा खाली करायचा.

परीक्षेच्या दिवशी गोकुळ सर शेजारी बसून आला. आठाचा आकडा काढायचा होता, चढावर थांबून गाडी मागं न घरंगळू देता उचलायची होती, खांबांच्या मधनं उलटी घ्यायची होती. इन्स्पेक्टर साहेबांनी आधी पिकअपकडं बघितलं, मग म्हाळसाकडं, मग पुन्हा पिकअपकडं. "मावशी, हीच गाडी?" "व्हय, हीच." तिनं आठ काढला. चढावर गाडी अशी उचलली की चाक मागं बोटभर आलं नाही. उलटी घेताना ती आरशात बघत होती आणि आरसे बरोबर तिच्या नजरेला होते. उतरली तेव्हा साहेबांनी वाकून आत सीटवरच्या त्या बंदवाल्या गादीकडं बघितलं आणि विचारलं, "ही कुठं मिळते?" म्हाळसा म्हणाली, "मिळत न्हाय. सासू लागती त्याला." साहेब हसले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. म्हाळसा पास झाली होती.

कुंडलिक बाहेर झाडाखाली उभा होता. तिनं मान हलवली, तेवढ्यावर त्याला कळलं. त्यानं तिथल्या तिथं खिशातून फोन काढला आणि विजयसिंहला लावला. "दिवाळीला या फराळाला," एवढंच म्हणाला. "गाडी न्हाय मिळायची."

दिवाळीनंतरचा पहिला तोडा. पहाटे क्रेट चढवले, म्हाळसानं गादीचे बंद तपासले आणि गाडी काढली. लासुर्ण्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकीमागं एक, जोडीजोडीनं. ती घाई न करता मागं राहिली, रस्ता मोकळा दिसला तेव्हा पुढं गेली. कुंडलिक डावीकडं बसला होता. त्या सीटवर तो आयुष्यात पहिल्यांदाच बसला होता. थोडा वेळ त्याचा उजवा पाय उगीचच ब्रेक दाबत होता, जिथं ब्रेक नव्हता तिथं. भवानीनगरच्या पुढं त्यानं तो पाय आखडून घेतला आणि काचेतून बाहेर बघायला लागला. "इकडनं लई दिसतंय गं," तो म्हणाला. "मला कधी बघायलाच मिळालं न्हाय."

बारामतीच्या बाजारात माल उतरला. म्हाळसा काट्यापाशी दलालाशी भांडत होती, मिरची हातात धरून, नेहमीसारखी. कुंडलिक गाडीजवळ उभा. तेवढ्यात मागून भोंगा. विजयसिंहची मोठी गाडी, त्याला बाहेर काढायची होती आणि खारतोड्यांची पिकअप आडवी. त्यानं उतरून बघितलं, हसला. "वहिनींनीच लावली का? लावलीया मातर झकास. किल्ली हाय का आत? मीच घेतो जरा बाजूला."

कुंडलिक काही म्हणायच्या आत तो दार उघडून चढला. चढला म्हणजे चढायचा प्रयत्न केला. एक मांडी आत गेली, दुसरी अडली. पोट स्टेअरिंगला टेकलं आणि स्टेअरिंग पोटात रुतलं. बाजारातली चार माणसं थांबून बघायला लागली. विजयसिंह पुढंही होईना आणि मागंही होईना. घामाघूम झाला. "आरं, ही कुणी आणली एवढी पुढं," असं म्हणत त्यानं कसाबसा हात खाली घातला आणि दांडी चाचपायला लागला.

"विजयसिंहराव," कुंडलिक म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण दलालापुढं मान डोलवणारा तो आवाज नव्हता. "सीट हलवायची न्हाय."

"आरं, मग गाडी कशी काढू?"

"तुमी नका काढू. उतरा," कुंडलिक म्हणाला. "थांबा जरा. ड्रायव्हर येतीया."

दोघांनी हात दिला तेव्हा विजयसिंह बाहेर आला. म्हाळसानं काट्यापाशी आपलं भांडण पुरं केलं, पदराला हात पुसले आणि आली. कुंडलिकनं तिच्यासाठी दार धरून ठेवलं होतं. ती आपल्या जागेवर बसली, पाठ टेकली, क्लच तळापर्यंत दाबला आणि एका दमात गाडी मागं घेऊन विजयसिंहला वाट करून दिली.